जीआर ३ की एक्स१०० व्हीआय? घर, रस्ता आणि डोंगर, तिन्हीला एकच कॅमेरा हवाय

भटका_बाप

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय, सांभाळून घ्या.

माझ्याकडे जुना क्रॉप सेन्सर (म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) डीएसएलआर आहे, सोबत १८-५५ किट लेन्स आणि एक ५० एफ १.८. कॅमेरा चांगला आहे, तक्रार काही नाही, पण तो कपाटातून बाहेरच निघत नाही हो. बाहेर पडताना बॅग घ्या, लेन्स घ्या, मग म्हणतो जाऊदे मोबाईल आहे की. आणि मोबाईलचे फोटो स्क्रीनवर छान दिसतात पण मोठी प्रिंट काढली की चेहरे मेणाचे वाटतात.

म्हणून मोठ्या सेन्सरचा लहान कॅमेरा घ्यायचं ठरवलंय. बघून बघून गाडी दोघांवर येऊन थांबलीये, रिको जीआर ३ आणि फुजी एक्स१०० व्हीआय. दोन्हीचा सेन्सर एपीएस-सी, म्हणजे माझ्या डीएसएलआरच्याच मापाचा, दोन्हीची लेन्स फिक्स, दोन्हीला झूम नाही. व्हिडिओ मी काढत नाही.

माझं फोटो काढणं तीन प्रकारचं. एक म्हणजे घरात मुलीचे, ती पाच वर्षांची आहे आणि एका जागी अर्धा सेकंद पण थांबत नाही, त्यात बहुतेक वेळा संध्याकाळ म्हणजे घरातले दिवे. दुसरं ऑफिसला जाता येता रस्त्यावरचे. तिसरं डोंगर, पावसाळ्यात पण जातो. वय पंचेचाळीस, चाळिशी लागलीये, गुडघे अजून शाबूत आहेत. एकच कॅमेरा घेणार, दोन घ्या वगैरे सल्ले देऊ नका, घरातून हाकलतील.

वापरणाऱ्यांनी सांगा, रिव्ह्यू खूप वाचून झाले, त्यात दोघेही 'उत्कृष्ट' असतात.

---

सावलीवाला

मी जीआरवाला आहे त्यामुळे माझं एकतर्फी समजून वाचा.

जीआर ३ बॅटरी आणि कार्ड धरून २५७ ग्रॅम, व्हीआय ५२१. कागदावर नुसता दुप्पट दिसतो पण खरा फरक असा की जीआर पँटच्या खिशात जातो आणि फुजी जॅकेटच्या खिशात पण नीट जात नाही, तो गळ्यात किंवा बॅगेतच. तुमचा मूळ आजार 'कॅमेरा कपाटातून निघत नाही' हा आहे, तर त्यावरचं औषध काय ते तुम्हीच बघा.

रस्त्यावरच्या फोटोंना यात स्नॅप फोकस म्हणून जे आहे ते दुसऱ्या कुठल्या कॅमेऱ्यात इतकं सोपं करून दिलेलं मी पाहिलं नाही. आधीच अंतर ठरवून ठेवायचं, एक मीटर, दीड, दोन, अडीच असं, आणि शटर एका दमात पूर्ण दाबलं की कॅमेरा फोकस शोधत बसत नाही, थेट त्या अंतरावर फोटो घेतो. लेन्स १८.३ मिमीची आहे (फुल फ्रेमच्या हिशोबात २८), म्हणजे एफ ८ ठेवून, म्हणजे लेन्सचं भोक बारीक करून, अडीच मीटरवर स्नॅप लावलं तर साधारण सव्वा मीटरपासून पार क्षितिजापर्यंत सगळं चालण्याइतकं शार्प. मग फोकसचा विचारच डोक्यातून जातो, फक्त कधी दाबायचं एवढंच उरतं. आणि सगळं एका हाताने, दुसऱ्या हातात छत्री असली तरी. चालू व्हायला एक सेकंद पण लागत नाही. दाइदो मोरियामासारखा माणूस इतकी वर्षं जीआर घेऊन रस्त्यावर फिरतोय ते उगाच नाही.

वाईट बाजू पण सांगतो. बॅटरी छोटी, कंपनीच स्वतः २०० फोटो म्हणते, त्यामुळे दुसरी बॅटरी खिशात लागतेच. व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) नाही. फ्लॅश नाही (आधीच्या जीआर २ ला होता, तिसऱ्यात काढला). स्क्रीन हलत नाही. अंधारात ऑटोफोकस पुढे मागे करत बसतो. आणि वेदर सीलिंग (पाऊस-धूळ आत न जाऊ देणारी बांधणी) नाही, त्यात लेन्स आत बाहेर सरकणारी, म्हणजे धूळ आत खेचली जाण्याची शक्यता कायम. सेन्सरवर एकदा कण बसला की लेन्स काढून पुसायची सोय नाही, सर्व्हिसलाच द्यावा लागतो.

---

शटरताई

सावलीवाले दादांनी रस्त्याचं बरोबर सांगितलंय, पण घरातल्या मुलीचा प्रश्न त्यांनी अलगद चुकवला 😄

लेन्सचा फरक बघा. फुजी एफ २, जीआर एफ २.८, म्हणजे एक स्टॉप, फुजीत दुप्पट उजेड. घरातल्या दिव्यात पळणारं पोर गोठवायचं तर शटर किमान १/२०० ते १/२५० लागतं. समजा फुजीवर त्यासाठी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की फोटोत दाणे वाढतात) ३२०० लागला तर जीआरवर ६४०० लागणार. आता कोणी म्हणेल की जीआरमध्ये पण स्टॅबिलायझेशन आहे, आहे ना, जीआरमध्ये तीन अक्षांचं आणि व्हीआयमध्ये पाच अक्षांचं, कंपनी सहा स्टॉप सांगते, पण ते तुमच्या हाताची थरथर थांबवतं, मुलीचं पळणं नाही. हे लोक कायम विसरतात आणि मग १/१५ ला काढलेल्या फोटोत सोफा लख्ख आणि मूल धुरासारखं येतं.

फोकसचं पण तेच. व्हीआयचा ऑटोफोकस काही बाजारातला सगळ्यात वेगवान नाही, पण चेहरा आणि डोळा धरतो आणि कमी उजेडात जीआरपेक्षा बराच भरवशाचा आहे. शिवाय आत छोटासा फ्लॅश आहे. फ्लॅश म्हटलं की लोक नाक मुरडतात, पण या दोन्ही कॅमेऱ्यांत लीफ शटर आहे म्हणजे शटर लेन्समध्येच बसलेलं. त्यामुळे तुमच्या डीएसएलआरसारखी १/२०० च्या आसपासची सिंकची अट (फ्लॅश लावला की शटर त्याहून वेगवान ठेवता येत नाही ती) नाही, भर उन्हात सुद्धा चेहऱ्यावरच्या सावल्या फ्लॅशने उचलता येतात. जीआरमध्ये हे करायचं तर वर हॉट शूवर (फ्लॅश बसवायच्या खाचेत) वेगळा फ्लॅश लावा, मग कुठे राहिला तो खिसा?

आवाज तर दोन्हींचा जवळपास नाहीच. झोपलेल्या बाळाचे फोटो डीएसएलआरने काढून बघितलेत का कधी? हां, फुजीमध्ये पूर्ण मुका इलेक्ट्रॉनिक शटर पण आहे, तो मात्र एलईडी दिव्याखाली टाळा, पट्टे येऊ शकतात, आणि लीफ शटर इतकं हळू वाजतं की त्याची गरज पण पडत नाही.

पावसाबद्दल, एक्स१०० चा पाचवा (व्ही) आणि सहावा (व्हीआय) मॉडेल पावसाच्या सरी झेलू शकतात पण तसेच नाही. पुढे अॅडॅप्टर रिंग आणि त्यावर ४९ मिमीचा फिल्टर लावला तरच ते सीलिंग पुरं होतं, लेन्सचं तोंड उघडं असेल तर नाही. हे खोक्यावर ठळक लिहायला हवं होतं खरं तर.

---

झूमभक्त

दोघांचं वाचून हसू आलं. डोंगरात जाणार आणि झूम नाही? समोरच्या कड्यावर घार बसलीये आणि हा माणूस २८ मिमीवर तिचा ठिपका काढणार.

सोनी आरएक्स१०० चा सातवा मॉडेल बघा. २४ ते २०० मिमी, ३०२ ग्रॅम, वर व्ह्यूफाइंडर पण उघडतो. एक इंची सेन्सर आहे मान्य, पण आजकाल नॉइज कमी करणारं सॉफ्टवेअर इतकं पुढे गेलंय की कोणाला कळतंय.

---

सावलीवाला

झूमभाऊ, एक ना धड भाराभर चिंध्या. एक इंची सेन्सर म्हणजे १३.२ बाय ८.८ मिमी, एपीएस-सी २३.५ बाय १५.६, क्षेत्रफळ तिपटीच्या आसपास. आणि २०० मिमीला तुमची लेन्स एफ ४.५ वर गेलेली असते. दिवसा चालेल, संध्याकाळी घरात पोरीचे फोटो काढायचे आहेत त्यांना, घारीचे नाही.

---

झूमभक्त

चिंध्या तर चिंध्या, माझ्याकडे घारीचा फोटो आहे, तुमच्याकडे रिकामं शार्प आकाश 😂

पण गंमत बाजूला, घरातल्या उजेडाचं तुमचं बरोबर आहे, तिथे माझा कॅमेरा मार खातो. मी मुद्दा एवढाच मांडत होतो की फिक्स लेन्स घ्यायच्या आधी आपल्याला झूम लागतो की नाही हे तपासा. बरेच जण 'प्रो लोक प्राइम (झूम नसलेली लेन्स) वापरतात' म्हणून घेतात आणि मग कपाटात दोन कॅमेरे होतात.

---

कवडसा

झूमभक्त यांनी शेवटी जे लिहिलं तेच इथे सगळ्यात कामाचं आहे. सेन्सर, मेगापिक्सेल, रंग यावर लोक पानंच्या पानं भांडतात. पण या दोन कॅमेऱ्यांत खरा फरक आहे फोकल लेंथचा, म्हणजे चौकटीत किती रुंद दिसतं त्याचा, कारण ती नंतर बदलता येत नाही. जीआर ३ म्हणजे २८, एक्स१०० म्हणजे ३५, आणि तुम्ही नाव नाही घेतलं पण २०२१ मध्ये जीआर ३एक्स आला तो ४० (हे आकडे फुल फ्रेमच्या हिशोबातले, तुमच्या लेन्सवरच्या आकड्यांच्या साधारण दीडपट). बाकी सगळ्याशी माणूस जुळवून घेतो, चुकीच्या फोकल लेंथशी नाही.

आणि हे तपासायला काही विकत घ्यायला नको, तुमच्याकडे १८-५५ आहे ना. झूमची रिंग १८ वर ठेवा आणि तिला चिकटपट्टी लावा, झाला जीआर ३. २३ च्या आसपास लावली की एक्स१००. २६ ला जीआर ३एक्स. प्रत्येक नंबरवर आठवडाभर तरी तेवढंच काढा, रिंग हलवायची नाही. आणि जुने फोटो कॉम्प्युटरवर असतीलच, कुठल्याही फोटो सॉफ्टवेअरमध्ये फोकल लेंथप्रमाणे गाळता येतात, बघा कुठे ढीग पडलाय.

क्रॉपचं पण बोलायला हवं. व्हीआयमध्ये ४० मेगापिक्सेल आहेत, त्यातून ५० मिमीइतकं कापलं तरी २० च्या आसपास उरतात, म्हणजे प्रिंटला भरपूर. जीआर ३ च्या २४ मधून ३५ इतकं कापलं तर १५ उरतात, ते पण ठीक, पण ५० ला गेलात की सातच. म्हणजे रुंदातून अरुंद दोन्हीत करता येतं, फुजीत जास्त ऐसपैस. उलटं, अरुंदातून रुंद, ते मात्र कापून होत नाही. त्यासाठी दोघांनाही पुढे लावायची वाइड कन्व्हर्टर लेन्स मिळते, पण ती लावली की लहान कॅमेरा लहान राहत नाही.

मागचं ब्लर हा अजून एक गैरसमज. तुमच्या ५० एफ १.८ सारखं ब्लर यातला एकही देणार नाही. हिशोब सोपा आहे, फोकल लेंथ भागिले एफ नंबर. ५० ला १.८ ने भागा, २८ मिमीचं भोक. एक्स१०० चं ११.५, जीआर ३एक्सचं ९.३, जीआर ३ चं साडेसहा. भोक जितकं लहान तितकं मागचं कमी विरघळणार. त्यामुळे पोर्ट्रेट म्हणून जे तुमच्या डोक्यात असेल ते ५० वरच राहू द्या, डीएसएलआर विकू नका.

---

भटका_बाप

वा, एवढं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं, सगळ्यांचे आभार.

कवडसा, तुमचं ऐकून काल रात्री जुने फोटो गाळून बघितले. निम्म्याहून जास्त १८ वर निघाले! म्हणजे मी २८ वाला माणूस आहे, जीआर ३ फायनल करू का? तसंही खिशात जाणारा हवाच होता.

---

कवडसा

थांबा थांबा. १८ वर ढीग सापडला म्हणजे २८ आवडतं असं लगेच धरू नका. किट झूमचे नेहमी दोन ढीग असतात, एक १८ वर आणि एक ५५ वर, कारण तिथे रिंग अडते. माणूस कॅमेरा चालू करतो तेव्हा लेन्स १८ वर असते आणि तशीच काढतो.

आता दुसरं काम करा. त्या १८ वाल्या फोटोंपैकी जे तुम्ही नंतर प्रिंट केले, कोणाला पाठवले, भिंतीवर लावले, ते बघा, आणि त्यातले किती कापले होते ते बघा. आणि मुलीचे वेगळे काढा, डोंगराचे वेगळे. सगळा ढीग एकत्र मोजला तर काही कळणार नाही.

---

शटरताई

कवडसा 👏

आणि भटका_बाप, तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये हळूच एक गोष्ट लिहिलीत आणि कोणीच तिकडे लक्ष दिलं नाही. चाळिशी.

जीआरला फक्त मागची स्क्रीन आहे. ती हातभर लांब धरली तरी वाचायचा चष्मा नसला की बारीक काही दिसत नाही, फोकस कशावर बसला ते तर नाहीच. म्हणजे रस्त्यावर चालताना आधी खिशातून चष्मा काढा मग कॅमेरा काढा, आणि चष्मा लावला की लांबचा रस्ता धूसर. तिथेच अर्धी मजा गेली. प्रोग्रेसिव्ह काच असेल तर थोडं सुसह्य होतं पण मग मान वर करून बघत बसावं लागतं. त्यात ऊन असेल तर स्क्रीन चांगले डोळे असणाऱ्यांना पण दिसत नाही.

एक्स१०० मध्ये व्ह्यूफाइंडर आहे आणि त्याला डायॉप्टरचं चाक आहे. आपल्या डोळ्याला जुळवून घ्या, चष्म्याशिवाय लख्ख दिसतं. शिवाय तो हायब्रिड आहे, पुढचा छोटा दांडा ओढला की इलेक्ट्रॉनिकचा ऑप्टिकल होतो, खरी काच. त्यात फ्रेमच्या बाहेरचं पण दिसतं, कोण आत येतंय ते आधी कळतं, रस्त्यावर हे फार भारी. अगदी जवळचं काढताना मात्र इलेक्ट्रॉनिकवर यायचं, कारण ऑप्टिकलमध्ये लेन्स बघते ते आणि आपण बघतो ते थोडं सरकलेलं असतं.

तिशीतले रिव्ह्यू करणारे हे कधीच सांगत नाहीत, बिचाऱ्यांना अजून कळायचंय.

---

सावलीवाला

शटरताईंचा हा मुद्दा खणखणीत आहे, माझी चाळिशी अजून लांब आहे म्हणून सुचलंच नाही.

तरी जीआरच्या बाजूने एक शेवटचं. स्नॅप फोकस वापरणाऱ्याला स्क्रीन बघायची गरजच कमी पडते, अंतर डोळ्याने ओळखायचं आणि २८ ची चौकट डोक्यात बसली की कॅमेरा छातीपाशी धरून पण जमतं. पण ते रस्त्यावर, दुपारी, एफ ८ वर. घरात एफ २.८ उघडून पोरीच्या मागे धावताना ते चालत नाही कारण तिथे शार्प भाग वीतभर पुढे मागे एवढाच असतो. हॉट शूवर लावायचा २८ चा ऑप्टिकल फाइंडर पण मिळतो, त्यात चौकट दिसते, फोकस किंवा सेटिंग काही दिसत नाही.

जीआर ४ पण २०२५ मध्ये आलाय हे नोंदवून ठेवतो, पाच अक्षांचं स्टॅबिलायझेशन, बॅटरी थोडी बरी, आत ५३ जीबीची जागा. पण व्ह्यूफाइंडर त्यालाही नाही, आणि लेन्स २८ एफ २.८ च, म्हणजे तुमच्या बाबतीत उत्तर बदलत नाही. माझं मत फुजी.

---

झूमभक्त

जीआरवाला फुजी घ्या म्हणतोय, धाग्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

---

भटका_बाप

परत गाळले. डोंगराचे जवळपास सगळे १८ वरचे आणि न कापलेले. मुलीचे मात्र १८ वरचे जेवढे प्रिंट केले ते झाडून सगळे कापलेले, आणि जे कापले नाहीत ते २४ ते ३५ च्या मधले. म्हणजे फुल फ्रेमच्या हिशोबात डोंगराला २८ आणि पोरीला ३५ ते ५०. खरं सांगायचं तर डोंगराचे फोटो मी परत उघडून पण बघत नाही, भिंतीवर सगळी पोरगीच आहे.

जीआर ३एक्स पण डोक्यात आला होता, ४० मिमी आवडेल असं वाटतं, पण चाळिशीचा आणि पावसाचा प्रश्न तिथे पण तोच. आणि परवा मित्राचा एक्स१०० हातात घेऊन व्ह्यूफाइंडरचं चाक फिरवलं आणि विषयच संपला. डोंगरात थोडं कमी रुंद मिळेल, दोन फोटो शेजारी शेजारी काढून जोडीन नाहीतर चार पावलं मागे जाईन (कडा बघून).

आता शेवटचा प्रश्न, व्हीआयच हवा का, की जुना वापरलेला एक्स१०० व्ही चालेल? मित्राचा व्हीच होता.

---

कवडसा

दोघांना लेन्स तीच आहे, २३ एफ २, व्हीच्या वेळी २०२० मध्ये नव्याने बनवली होती. आधीच्या मॉडेलची जवळून एफ २ वर मऊ पडायची, ती खोड यात गेली. व्ह्यूफाइंडर, उघडणारी स्क्रीन, चार स्टॉपचा आतला एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच), फ्लॅश सगळं दोन्हीत आहे. व्हीआयने दिलं काय तर ४० मेगापिक्सेल, स्टॅबिलायझेशन आणि सुधारलेला ऑटोफोकस.

तुमच्यासाठी एकेक बघतो. स्टॅबिलायझेशन मुलीला उपयोगी नाही, वर ताईंनी सांगितलंच. डोंगरात पहाटे ट्रायपॉड न नेता काढायचं असेल किंवा ओढ्याचं पाणी एनडी लावून हातात धरूनच रेशमी करायचं असेल तर उपयोगी आहे आणि तिथे फार मजा येते. ४० मेगापिक्सेल कापायला कामाचे, तुम्ही कापणारे आहात हे आता सिद्धच झालंय. पण व्हीच्या २६ मधून ५० इतकं कापलं तरी तेरा एक उरतात, घरातल्या भिंतीवरच्या प्रिंटला ते पुरतात. राहता राहिला ऑटोफोकस, तो मात्र पळणाऱ्या मुलीसाठी खरंच कळण्याइतका सुधारलाय. म्हणजे माझ्या मते निर्णय त्या एकाच गोष्टीवर येतो. मित्राचा व्ही एका संध्याकाळपुरता मागून आणा आणि घरात मुलीवर चालवून बघा, दहातले सहा सात डोळे शार्प आले तर वापरलेला व्ही घ्या.

---

शटरताई

वापरलेला घेणार असाल तर प्रत्यक्ष बघूनच घ्या. एफ १६ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवर ठिपके असतील तर त्यात दिसतात. लेन्स बदलता येत नाही म्हणून धूळ नसेल असं गृहीत धरू नका. अपर्चर रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून प्रत्येक थांब्याला खट्कन बसते का बघा. एनडी चालू बंद करून बघा, फोटो खरंच गडद होतो का. व्ह्यूफाइंडरचा दांडा चार पाच वेळा ओढा, आतला पडदा अडकता कामा नये. आणि लेन्सच्या पुढची सजावटीची रिंग फिरवून काढायला सांगा, आतले आटे चेपलेले नकोत, तुमची पावसाची अॅडॅप्टर रिंग तिथेच बसणार आहे.